दत्तात्रय आजोबांच्या नातीचं नाव काय ठेवावं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील दत्तात्रय, जाऊन पाच महिने झाले. मुलगी 18 दिवसांची. “मुलगा असता तर दत्त ठेवलं असतं, प्रश्नच नव्हता,” हे रोज कुणी ना कुणी म्हणतं. भावानं ‘दत्तिका’ सुचवलं, आत्यानं ‘दत्तश्री’. तुमच्या यजमानांना दोन्ही नकोत आणि मनातून तुम्हालाही नकोत. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की बाबा सत्तराव्या वर्षी एक नवी लिपी शिकायला बसले होते. हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं, ते कसं ते पुढे सांगते.

मी संस्कृत शिकवते. गेली तीसेक वर्षं माझ्याकडे लोक नावं विचारायला येतात, आणि त्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच असतो: नाव मुलीचं हवं आणि त्यात एक पुरुष ऐकू यायला हवा. बहुतेक जण पुरुषाचं नाव घेतात आणि त्याला मागून आ, ई, इका, श्री असं काहीतरी जोडतात. ‘दत्तिका’ तसंच झालंय. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की नाव दुसऱ्याचं होतं, मुलीच्या मापाचं करून घेतलंय. तुम्हाला खटकतंय ते हेच असावं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: मुलीला वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरून नाव देणं ही ओढूनताणून केलेली सोय नाही. तुम्हाला माहीत असलेल्या किती नावांत हे दडलंय बघा. जानकी म्हणजे जनकाची मुलगी. द्रौपदी म्हणजे द्रुपदाची. जाह्नवी जह्नु ऋषींची, भागीरथी भगीरथाची, दाक्षायणी दक्षाची. दमयंतीला भैमी म्हणतात, कारण तिचे वडील भीमराजा. पृथ्वीसुद्धा यातच येते. विष्णुपुराणात सांगितलंय की पृथु राजानं भूमीला प्राण दिले, म्हणून तो तिचा पिता झाला आणि तिला पृथ्वी हे नाव मिळालं. “मुलगा असता तर” म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरे आहे.

ही नावं बनतात कशी, हे नीट समजून घ्या, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, म्हणजे त्याच्या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात, चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात (चौथ्या हिश्श्यात) आधी स्त्रीप्रत्यय, म्हणजे स्त्रीरूप करणारे प्रत्यय, येतात आणि त्याच पादात पुढे ‘तस्यापत्यम्’, म्हणजे ‘त्याचं अपत्य’ या अर्थाचे प्रत्यय सुरू होतात. अपत्य सांगताना शब्दाचा शेपटीकडचा भाग तर बदलतोच, पण पहिला स्वरही ताणला जातो. अ चा आ होतो, इ चा ऐ, उ चा औ, ऋ चा आर्. जनकची जानकी झाली, विदेहची वैदेही, द्रुपदची द्रौपदी, भृगुची भार्गवी, विष्णूची वैष्णवी, शंभूची शांभवी, रघूची राघवी. शेवटी नुसती ई लावलेलं नाव आणि हे नाव यांतला फरक कानाला लगेच कळतो. इथे शब्द आतून बदललेला असतो, म्हणून तो उसना वाटत नाही. आजोबांचं नाव वसंत असेल तर ‘वसंती’पेक्षा ‘वासंती’ गोड लागतं ते यामुळेच. हेमंतची हैमंती, वरुणची वारुणी. मात्र वारुणीचा एक अर्थ मद्य असाही आहे, तो माहीत असू द्या.

आता सापळे सांगते, कारण घरोघरी चूक होते ती इथेच.

पहिला सापळा ‘आनी’चा. इंद्राणी, भवानी, रुद्राणी, शर्वाणी ही नावं ऐकून वाटतं की पुरुषाच्या नावाला आनी लावली की मुलीचं नाव तयार. पण या प्रत्ययाचा अर्थ ‘त्याची पत्नी’ असा आहे. हा प्रत्यय सांगणाऱ्या पाणिनीच्या सूत्रात मातुल शब्दही आहे, आणि मातुलानी म्हणजे मामी. देवांच्या बाबतीत बिघडत नाही. भवानी म्हटलं की आपल्याला देवी दिसते, भव नावाचा नवरा कोणाच्या मनात येत नाही. पण आजोबांच्या नावाला आनी जोडून नवं नाव घडवू नका. अर्थ विचारणारा एखादा भेटतोच, आणि मग मुलीला आयुष्यभर नको ते स्पष्टीकरण द्यावं लागतं.

दुसरा सापळा खास मराठी कानाचा आहे. संस्कृतात आ लावला की स्त्रीलिंग होतं: विजय-विजया, अजित-अजिता. पण मराठीत आपण पुरुषालाच लाडानं आ लावून हाक मारतो. वसंता, अनंता, गोविंदा, आणि तुमच्या बाबतीत दत्ता. संस्कृतात ‘अनंता’ हे पृथ्वीचं सुरेख नाव आहे, तरी मराठी घरात ती हाक ऐकून मान वर करेल तो अनंतकाका. म्हणून ‘दत्ता’ हे नाव व्याकरणानं शंभर टक्के बरोबर असलं, अर्थ ‘दिलेली’ असा छान असला, तरी मी ते सुचवणार नाही.

तिसरा सापळा जरा बारीक आहे. पहिला स्वर ताणून शेवटी ऱ्हस्व इ आली की बहुतेक वेळा मुलगा होतो. दाशरथि म्हणजे राम, सौमित्रि म्हणजे लक्ष्मण, आरुणि म्हणजे उद्दालक ऋषी. मराठीत शेवटची इ आपण दीर्घच लिहितो आणि बोलतो, त्यामुळे फरक पुसला जातो. अरुण आजोबांच्या नातीला ‘आरुणी’ ठेवलेलं मी पाहिलंय. वाईट काहीच नाही, पण साधं ‘अरुणा’ जास्त निर्मळ होतं. आणि चौथा, शब्दकोश न उघडल्यामुळे होणारा: विनोदची विनोदिनी, सुहासची सुहासिनी, प्रमोदची प्रमोदिनी इथपर्यंत ठीक, पण त्याच चालीवर विलासची ‘विलासिनी’ करण्याआधी संस्कृत काव्यात तो शब्द गणिकेसाठीही वापरलेला आहे हे लक्षात घ्या.

काही नावांना मात्र सरळ वाट असते. ‘वंत’नं संपणाऱ्या नावाचं स्त्रीरूप ‘वती’ होतं: भगवंत-भगवती, गुणवंत-गुणवती. ‘स्वी’चं ‘स्विनी’: यशस्वी-यशस्विनी, तेजस्वी-तेजस्विनी. आणि जोडनावं आधी फोडून पाहावीत. पुरुषांच्या कितीतरी नावांत बाईचं नाव आधीच बसलेलं असतं. रमेश म्हणजे रमेचा ईश, उमेश म्हणजे उमेचा. रजनीकांत, रमाकांत, प्रभाकर, सुधाकर, सीताराम, गौरीशंकर. रजनी, प्रभा, सुधा, गौरी तिथे हजरच आहेत, त्यांना बाहेर बोलवायचं फक्त. यात मला एकच अडचण वाटते. सुधा म्हटल्यावर सुधाकर आजोबा आठवतीलच असं नाही. त्यांना ओळखणाऱ्या माणसाला नाव ऐकताक्षणी ते आठवले पाहिजेत, ही माझी पहिली कसोटी आहे. समजावून सांगावं लागलं तर मान दिल्याचं समाधान आपल्यापुरतंच उरतं. याच कारणानं नुसत्या अर्थावरून काढलेल्या नावांपासून मी लोकांना परावृत्त करते. भास्कर म्हणजे सूर्य, सूर्य म्हणजे तेज, म्हणून ‘तेजल’. दोन पायऱ्या उतरेपर्यंत भास्कर आजोबा मागे राहून गेलेले असतात. आई, वडील, आजोबा अशा तिघांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन शिवलेली नावं तर मला बिलकूल आवडत नाहीत. त्या शब्दांना अर्थ नसतो, आणि मुलगी पाच वर्षांची झाली की पहिला प्रश्न तोच विचारते.

आता तुमच्या नावाकडे येऊ. आपण बोलताना दत्तात्रय म्हणतो, पण मूळ शब्द दत्तात्रेय. दत्त अधिक आत्रेय. दत्त म्हणजे दिलेला, आत्रेय म्हणजे अत्रि ऋषींचा मुलगा. सगळ्यांचं लक्ष पहिल्या अर्ध्यावर जातं, कारण हाक मारायला आपण तोच वापरतो. दत्तिका, दत्तश्री सगळं तिथूनच आलं. तुम्ही दुसरा अर्धा घ्या. आत्रेयचं स्त्रीरूप आत्रेयी.

आत्रेयी म्हणजे अत्रीच्या कुळातली. अत्रीचा मुलगा ज्या प्रत्ययानं आत्रेय झाला, त्याच प्रत्ययानं मुलगी आत्रेयी होते. म्हणजे बाबांच्या नावात जे नातं सांगितलं आहे तेच नातं तिच्याही नावात आहे, फक्त मुलीचं. पुरुषाच्या नावाला शेपूट जोडण्यात आणि यात किती अंतर आहे ते तुमच्या लक्षात येईल. (एय हा प्रत्यय बहुतेक वेळा आईच्या नावाला लागतो: कौंतेय, राधेय, वैनतेय. अत्रि हे इकारान्त नाव असल्यामुळे त्याला तो लागला. वर्गात हे शिकवताना मला अजून आनंद होतो.) मैत्रेयी आपल्या कानाला सवयीचं आहे, त्यामुळे आत्रेयी परकंही वाटणार नाही आणि जुनाटही नाही. यजमानांना एकदा मोठ्यानं म्हणून बघायला सांगा.

आणि आता ते तुमचं वाक्य. भवभूतीच्या उत्तररामचरित नाटकाच्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची एक विद्यार्थिनी येते. ती वाल्मीकींच्या आश्रमात शिकत होती. तिथे दोन मुलं आली, कुश आणि लव. त्यांची बुद्धी इतकी तल्लख की त्यांच्याबरोबर धडे घेणं हिला जमेना. त्यात वाल्मीकी रामायण रचण्यात गुंतलेले. मग ही बाई शिक्षण सोडून देत नाही. वेदान्त शिकायचाच म्हणून ती दंडकारण्यातून पायी अगस्त्यांच्या आश्रमाकडे निघते. सत्तराव्या वर्षी नवी लिपी गिरवणाऱ्या माणसाच्या नातीला यापेक्षा जवळचं नाव मला तरी सुचणार नाही.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. जुन्या धर्मशास्त्रग्रंथांत, उदाहरणार्थ वसिष्ठ धर्मसूत्रात, आत्रेयी हा शब्द ऋतुस्नात, म्हणजे पाळीनंतर न्हालेल्या, स्त्रीसाठी वापरला आहे. कधीतरी एखादे जाणकार हे पुढे करतील. मला स्वतःला त्यात कमीपणाचं काही दिसत नाही, आणि तिथेही तो शब्द अशा स्त्रीचा वध हे घोर पाप आहे असं सांगताना येतो. तरी निर्णय तुमचा आहे, म्हणून आत्ताच सांगितलं. नंतर कुणाकडून तरी कळून मन खट्टू व्हायला नको.

यावर मन बसलं नाही तर दुसरी वाट म्हणजे अनसूया, दत्तात्रेयांची आई. अत्रि, अनसूया, दत्त हे एकच घर आहे, त्यामुळे बाबांचं नाव माहीत असलेल्या माणसाला दुवा चटकन लागेल. अर्थही निर्मळ, जिच्यात असूया नाही ती. पण नाव जुन्या वळणाचं आहे, यजमान कदाचित नाही म्हणतील. आणि बाबांना नातीत त्यांची आई दिसावी की त्यांची लेक, हाही विचार करून बघा. मला आत्रेयी जास्त योग्य वाटतं.

तुमच्यासारखा प्रश्न असलेले इतरही हे वाचतील, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगते. मान ज्यांना द्यायचा ते रक्ताचे आजोबाच असले पाहिजेत असं नाही. कुंतीचं जन्मनाव पृथा. तिला कुंतिभोजानं दत्तक घेतलं आणि त्या पालक पित्यावरून ती कुंती झाली. सांभाळणारा मामा, काका, सावत्र वडील, कुणाचंही नाव घेताना बिचकू नका. दुसरं, ती व्यक्ती हयात असेल तर त्यांना आधी विचारा. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू कुटुंबांत हयात नातेवाइकाचं नाव बाळाला देत नाहीत; सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यू कुटुंबांत आवर्जून देतात. दोन्ही जण मानच देत असतात. एकाच घरातल्या दोन आजोबांच्याही भावना अशाच उलट असू शकतात, हे मी पाहिलंय.

आता मला खरोखर महत्त्वाचं वाटतं ते. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्यांना भर सभेत प्रश्न विचारणारी गार्गी वाचक्नवी आपण सगळ्या मुलींना सांगतो. पण गार्गी म्हणजे गर्गकुळातली आणि वाचक्नवी म्हणजे वचक्नूची मुलगी. दोन्ही नावं पुरुषांवरून आलेली, तिचं एकटीचं असं नाव त्या ग्रंथात नाहीच. प्राचीन रोममध्ये तर ही रीतच होती. मुलीला वडिलांच्या कुळनावाचं स्त्रीरूप मिळे: तुल्लियुस कुळातल्या सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याची मुलगी तुल्लिया. दोन मुली झाल्या तर दोघींचं नाव एकच. रोमन सेनापती मार्क अँटनीला ऑक्टेव्हिया या पत्नीपासून झालेल्या दोन्ही मुलींचं नाव अँटोनिया, ओळखायला एक थोरली आणि एक धाकटी. उलट द्रौपदीला कृष्णा हे स्वतःचं नाव होतं, जानकीला सीता होतं. नाव देताना मी हे आई-वडिलांना सांगतेच. बाळ हे गेलेल्या माणसाचं स्मारक नव्हे. तुमचं दुःख अजून पाच महिन्यांचं आहे. प्रत्येक हाकेला बाबा आठवावेत असं आज वाटतंय, ते मला समजतं. पण ती दहा वर्षांची होईल तेव्हा तिला हाक मारताना तीच डोळ्यांसमोर यायला हवी. आत्रेयी सुचवण्यामागे हेही कारण आहे. ज्यांना बाबा माहीत आहेत त्यांना ते त्या नावात सापडतील, आणि शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला फक्त आत्रेयी सापडेल.

घरात नाव दोन भागांत वाटून घेणंही चालतं. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया 1819 साली जन्मली तेव्हा तिचं पहिलं नाव अलेक्झांड्रिना होतं, तिचे धर्मपिता रशियाचे झार पहिले अलेक्झांडर यांच्यावरून. लहानपणी घरचे तिला ड्रिना म्हणत. 1837 साली राणी झाली ती व्हिक्टोरिया या दुसऱ्या नावानं. म्हणजे झारला मान मिळाला आणि तिलाही तिचं नाव मिळालं. तुम्हा दोघांचं कागदावरच्या नावावर एकमत झालं आणि हाकेच्या नावावर नाही झालं, तर भांडू नका, दोन ठेवा. फक्त कागदावर कुठलं ते आधी पक्कं करा आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग सगळीकडे एकच लिहा. आत्रेयी तीन-चार प्रकारे लिहिलं जातं, आणि पुढे दुरुस्त्या करत बसणं फार त्रासाचं असतं. लाडानं लोक ‘अत्री’ म्हणतील. म्हणू द्या, ते मूळ ऋषींचंच नाव आहे.

शेवटी एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं. गेलेल्या आजोबांचं नाव नातीला हवं होतं, मी सुंदर स्त्रीरूप काढून दिलं, सगळे खूश झाले. कोपऱ्यात आजी बसली होती, ती काही बोलली नाही. निघताना ती मागे रेंगाळली आणि मला म्हणाली, “चाळीस वर्षं त्या नावाला घाबरून काढली. आता त्याच नावानं या पोरीला निजवू का?” बाहेर सगळ्यांना ते आजोबा प्रेमळ म्हणून ठाऊक होते. मी मुलाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की नाव बदला, आईला विचारून ठेवा. त्यांनी बदललं. त्या दिवसापासून कुठल्याही पुरुषाचं नाव मुलीला देण्याआधी त्याच्यासोबत राहिलेल्या बाईला विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

तुमच्या घरी तसं काही नसेल, तुमच्या पत्रातून बाबांबद्दल माया वाहते आहे. पण आईबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. त्यांचे पाच महिने तुमच्यापेक्षा वेगळे गेले असतील. त्यांना हे नाव फोनवर सांगू नका, घरच्या सगळ्यांसमोरही नको. बाळ त्यांच्या मांडीवर असताना हळूच “आत्रेयी” अशी हाक मारा, आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.